शब्द आणि हक्क (भाग ७) : यूझुफ्रक्ट

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या आसपासच्या गावांत अंगणोअंगणी मोहफुलं वाळत पडलेली असतात. झाड वनखात्याच्या जंगलातलं, फूल मात्र पहाटे उठून ते वेचणाऱ्या बाईचं. वस्तू एकाची आणि तिचं फळ दुसऱ्याचं, अशा नात्याला इंग्रजी कायद्याच्या भाषेत एक जुना, फारसा कानावर न येणारा शब्द आहे : यूझुफ्रक्ट.

शब्द मूळचा लॅटिन. 'युसुस' म्हणजे वापर, 'फ्रुक्टुस' म्हणजे फळ, उत्पन्न. दुसऱ्याच्या मालमत्तेचा वापर करायचा, तिचं उत्पन्न घ्यायचं, पण मूळ मालमत्तेला धक्का लावायचा नाही, असा हा हक्क. व्याख्येतली शेवटची अट काढली, तर शब्दाचा जीवच जातो.

रोमन कायदेपंडितांनी ही अट किती बारकाईने लावली होती, हे सम्राट जस्टिनियनच्या काळात, इ.स. 533 मध्ये सिद्ध झालेल्या कायदेसंग्रहांत दिसतं. मेंढरांच्या कळपावर असा हक्क मिळालेल्या माणसाला दूध, लोकर, कोकरं सगळं घेता येई. मात्र कळपातली मेंढरं मेली, तर त्यांची जागा त्याने नव्या कोकरांतून भरून काढायची. द्राक्षाचे वेल वाळले, तर त्या जागी नवे लावायचे. तोडल्यावर बुडातून पुन्हा फुटणारं रान आणि बोरूची बेटं त्याला तोडता येत, उभे मोठे वृक्ष नाही.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून रुळला. हक्क भोगणाऱ्याला 'यूझुफ्रक्चुअरी' म्हणतात. थॉमस जेफरसनने 1789 मध्ये जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात हा शब्द साऱ्या पृथ्वीला लावला : जिवंत पिढीकडे पृथ्वी आहे ती याच नात्याने. पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे गोव्यात तो आजही व्यवहारातला आहे. आईबाप घर मुलांच्या नावे करतात आणि हयातभर वापरायचा हक्क स्वतःकडे ठेवतात.

आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा शब्द आला तो गहाणाच्या एका प्रकाराला चिकटून. गावात त्याला ताबेगहाण म्हणतात. शेत सावकाराच्या ताब्यात जातं आणि कर्ज फिटेपर्यंत पीक तो खातो. पण शेताचं कायमचं नुकसान होईल असं काही त्याने करू नये, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

जंगलाच्या बाबतीत आपल्या मुलखाचा स्वतःचा शब्द आहे, निस्तार. जळतण, कुंपणाचा काटा, घराला बांबू, गुरांना चराई अशा गरजांसाठीचा गावाचा हक्क निस्तारपत्रकात नोंदलेला असे. व्यवहारात मात्र त्याची किंमत सरकारी सवलतीइतकीच राहिली. घेण्यापुरता गावाचा संबंध, राखण्याचा अधिकार वनखात्याचा. यूझुफ्रक्टचे दोन तुकडे झाले आणि दोघांत वाटले गेले.

असे तुकडे झाले की काय होतं, ते आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सांगतात. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली, तलाव सरकारजमा झाले. धानाला पाणी घेण्याचा हक्क शेतकऱ्याकडे राहिला, पण गाळ काढायचा कुणी, पाळ बांधायची कुणी, हे सुटून गेलं. कितीतरी तलाव गाळाने भरून उथळ झाले.

2006 च्या वनहक्क कायद्याचं मोल मला इथे वाटतं. त्याच्या तिसऱ्या कलमात निस्तार हा शब्द जसाच्या तसा आहे. गौण वनोपजावर मालकी आहे, तिच्यात बांबूही आला. त्याच कलमात सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. मिळालेला वनहक्क वारसाने पुढे जातो, विकता येत नाही. म्हणजे तुटलेले दोन्ही तुकडे पुन्हा एका हातात, ग्रामसभेच्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आपल्याच जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगल मिळालं. पाचगावच्या ग्रामसभेने बांबू विकायचा ठरवला आणि तेंदूपत्त्याची तोड थांबवली. कारण पानासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पाखरांना मिळत नाहीत. हातची मिळकत सोडणं गरीब गावाला सोपं नसतं. जंगल पुढेही आपल्याच हाती राहणार, याची खात्री असलेलं गावच असा निर्णय घेऊ शकतं.

आजची मिळकत की उद्याचं जंगल, हा प्रश्न मोहाखाली रोज पडतो. फुलं पहाटे गळतात, खाली वाळल्या पाल्याचा थर असतो आणि पाल्यात फूल सापडत नाही. काडी लावली की जमीन लख्ख होते, वेचणं भराभर होतं. पण त्या आगीत मोहाची इवली रोपं जळतात आणि वारा असला तर आग जंगलाच्या कंपार्टमेंटभर पसरते. खराट्याने पाला बाजूला सारायला वेळ आणि कंबर दोन्ही लागतात, पण रोपं वाचतात. मोठा मोह म्हातारा होऊन पडेल तेव्हा त्याची जागा हीच रोपं घेणार आहेत. रोमन कायद्यातला कोकरांचा नियम आपल्या जंगलात असा लागू होतो.

म्हणून दोन गोष्टी ठामपणे सांगाव्याशा वाटतात. जिथे सामूहिक दावे अडून आहेत, तिथे ते निकाली निघाले पाहिजेत, कारण हक्काशिवाय राखण मागणं अन्यायाचं आहे. आणि जिथे कागद हाती आला आहे, तिथल्या ग्रामसभेने मोहफूल वेचणीच्या आधी, फेब्रुवारीतच बसून आगीचा नियम करावा.

पुढच्या आठवड्याचा शब्द : ईझमेंट, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जाण्याचा हक्क.