मंजूर पदे किती, भरलेली किती? सरकारी दवाखान्याला विचारायचा पहिला प्रश्न

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. दीड महिन्याने नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यातली १२ नवजात बाळं होती. ४८ तासांचा हिशेब धरला तर आकडा ३१ वर गेला. कळव्याला मुंब्रा, दिवा, भिवंडीकडची माणसं जातात. नांदेडला हिंगोली, परभणी, यवतमाळपासून थेट तेलंगणाच्या सीमेवरचे रुग्ण येतात. यातल्या कितीतरी रांगांमध्ये आपल्यापैकी अनेकांची घरची माणसं उभी राहिलेली आहेत.

नांदेडच्या घटनेनंतर सगळ्यात जास्त काय पाहिलं गेलं? एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं, तो व्हिडिओ. मोबाईल ते मोबाईल फिरला. बघणाऱ्याला बरं वाटलं असेल, पण त्या रुग्णालयात सफाई कामगारांची मंजूर पदे किती आणि त्यातली भरलेली किती, हा प्रश्न त्या गोंगाटात मागे पडला. पदे भरणं एकट्या अधिष्ठात्यांच्या हातात नसतं. त्यासाठी मंत्रालयाची मंजुरी लागते.

हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने विचारला. न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि राज्याकडे मंजूर पदे, रिक्त पदे आणि औषध खरेदीचा हिशेब मागितला. त्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज पडली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंगालच्या एका खटल्यात रस्ता घालून दिला होता. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार रुपये मोजून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने राज्य सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. वेळेवर उपचार न मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असं सांगितलं.

नांदेडला प्रशासनाचं म्हणणं होतं की बरेच रुग्ण शेवटच्या घटकेला आणले गेले. हे उत्तर आपण नेहमी ऐकतो आणि गप्प बसतो. पण जरा थांबून बघा. माणूस शेवटच्या घटकेला का पोचतो? कमी वजनाचं बाळ तालुक्याच्या रुग्णालयात जन्मतं, तिथे बालरोगतज्ज्ञ नाही. मग खासगीत दोन दिवस, पैसे संपले की सरकारी गाडीतून जिल्ह्याला. उशीर घरच्यांनी केलेला नसतो, तो वाटेतल्या प्रत्येक रिकाम्या खुर्चीने केलेला असतो. म्हणजे ‘शेवटच्या घटकेला आणलं’ हे सरकारचं उत्तर खरं असलं तरी त्याने जबाबदारी संपत नाही, उलट ती खालच्या सगळ्या दवाखान्यांपर्यंत पसरते.

या खुर्च्या किती रिकाम्या आहेत ते सरकारच्याच हिशेब तपासनिसाने लिहून ठेवलंय. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा कॅगचा अहवाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यात मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टरांची सुमारे २७ टक्के आणि परिचारिकांची सुमारे ३५ टक्के कमतरता दाखवली आहे. तीन नर्सच्या जागी दोन, असं समजा. रात्रपाळीला एका सिस्टरकडे पूर्ण वॉर्ड असतो तो यामुळे. अशा वेळी तिच्यावर आवाज चढवून काही साधत नाही, आणि हात उचलला तर २०१० च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा अजामीनपात्र. मोहल्ल्यातली तरणी पोरं अशा केसमध्ये अडकतात, वर्षानुवर्षं तारखा करतात, आणि पद मात्र रिकामंच राहतं.

आता मंजूर पद म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण कागदावर ‘भरलेलं’ दिसणारं पद प्रत्यक्षात रिकामं असू शकतं. डॉक्टर तुमच्या आरोग्य केंद्राच्या पटावर आहे, पगारही तिथूनच निघतो, पण तो प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या गावी काम करतोय. हिशेबात रिक्त पद शून्य, आणि दारावर कुलूप. दुसरा प्रकार कंत्राटी नेमणुकांचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले हजारो कर्मचारी ठराविक मुदतीच्या करारावर काम करतात, मुदत संपली की पुन्हा नवा आदेश. २०२३ च्या अखेरीस त्यांनी कायम करण्यासाठी संप केला तेव्हा किती कामं त्यांच्या खांद्यावर चालतात हे कळलं.

तिसरी गोष्ट त्याहून खोल आहे. मंजूर पदांचा आकडाच जुना असतो. नियमाप्रमाणे सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच २० हजार आणि ३ हजार. पण कुठली लोकसंख्या? देशाची शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हापासून मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किती वाढले ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. सगळी मंजूर पदे उद्या भरली तरी ती २०११ च्या गावासाठी असतील.

तक्रार कुणाकडे करायची, इथे बहुतेकांची गाडी अडते. सरकारी दवाखाना म्हटलं की आपल्याला एकच सरकार दिसतं, पण मालक वेगवेगळे आहेत. गावचं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणजे नांदेडची पदे वेगळ्या मंत्र्याच्या खात्यात येतात. आणि महापालिकेचं रुग्णालय आयुक्तांचं. कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे, पण भिवंडीचं इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालय राज्याचं. मालेगावात सामान्य रुग्णालय राज्याचं आणि वस्तीतले दवाखाने महापालिकेचे. चुकीच्या दारावर गेलो की ‘आमच्याकडे येत नाही’ एवढंच ऐकून परत यावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र चुकीच्या दारावर गेला तरी कायदा सांभाळून घेतो. कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. अर्ज साध्या कागदावर चालतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्रात एक अट लक्षात ठेवा: अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. म्हणून औषधं आणि पदं एका अर्जात घालू नका, दोन अर्ज करा.

पदांच्या अर्जात काय मागायचं? प्रत्येक संवर्गाची, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, विशेषतज्ज्ञ, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सफाई कामगार, यांची मंजूर पदे आणि भरलेली पदे. भरलेल्यांपैकी कायम किती, कंत्राटी किती. प्रतिनियुक्तीवर बाहेर किती आणि कुठे. प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. आणि रिक्त पद भरण्यासाठी वरच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती. ही शेवटची मागणी विसरू नका. स्थानिक अधिकाऱ्याने दहा पत्रं लिहिली असतील तर जबाबदारी मुंबईकडे सरकते, एकही लिहिलं नसेल तर तेही कळतं. चांगला अधिकारी असेल तर त्यालाही अशा अर्जाचा आधारच होतो. औषधांच्या अर्जात गेल्या सहा महिन्यांत कोणतं औषध कधी संपलं आणि कधी आलं, ते साठा नोंदवहीप्रमाणे मागा. चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलवर जावं लागतं त्याचं कारण या वहीत असतं.

उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही मिळालं, किंवा अर्धवट मिळालं, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे ३० दिवसांच्या आत पहिलं अपील.

आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन असलं की नमाजनंतर चंदा गोळा होतो, व्हॉट्सअॅपवर आवाहन फिरतं, रात्रीतून पैसे जमतात. ही फार मोठी ताकद आहे. चंदा गोळा करणाऱ्या समितीने दर वेळी एक ओळ जास्त लिहून ठेवली तर? या रुग्णाला सरकारी रुग्णालयातून बाहेर का जावं लागलं: डॉक्टर नव्हता, मशीन बंद होतं, की खाट नव्हती. वर्षभरात अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की माहिती अधिकाराच्या उत्तरासोबत त्या ठेवता येतात. मग कुणी ‘एखाद्या वेळी होतं’ असं म्हणू शकत नाही.

या नोंदी न्यायच्या जागाही आहेत. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर सदस्य कोण आहेत ते विचारा. गावात ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम झालं, त्यात जनसुनवाईत लोक अधिकाऱ्यांसमोर उभं राहून आपल्या दवाखान्याची स्थिती सांगत. आणि आमदार आहेत. अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. आमदाराला ‘दवाखान्याचं काहीतरी करा’ असं सांगितलं तर ते मान डोलावतील. माहिती अधिकारात आलेल्या उत्तराची झेरॉक्स हातात द्या, कोणतं पद कधीपासून रिकामं आहे त्याखाली पेनाने रेघ मारा आणि तुमच्या प्रतीवर कार्यालयाचा पोचशिक्का घेऊनच बाहेर पडा.