विश्लेषण : काखेतल्या थर्मामीटरवरून थायरॉइड कळतो का?

सकाळी जाग आली की अंथरुणातून न उठता थर्मामीटर काखेत धरायचा, दहा मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा आणि तो ९७.८ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी आला तर थायरॉइड मंदावला असे समजायचे. रक्तचाचणी ‘नॉर्मल’ आली असली तरीही. समाजमाध्यमांवर हा सल्ला सतत फिरत असतो. त्याची पुढची पायरी म्हणजे दिवसातून तीनदा तापमान मोजून आलेख काढणे. रेषा खाली पण सरळ असेल तर दोष थायरॉइडचा, रोज वर-खाली होत असेल तर ॲड्रिनल ग्रंथी ‘थकल्या’. पैसा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, म्हणून ही पद्धत आकर्षक वाटते. तिच्यात तथ्य किती?

थायरॉइड आणि तापमान यांचा संबंध आहे का?

आहे. गळ्याच्या पुढच्या भागातील ही ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील पेशींनी ऊर्जा किती वेगाने जाळायची, हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. ती कमी पडली की चयापचय मंदावते. मग इतरांना उकडत असताना पंखा नकोसा होतो, वजन वाढते, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पाळी अनियमित होते. वर्षानुवर्षे उपचार न झालेल्या रुग्णात क्वचित ‘मिक्सिडिमा कोमा’ ही जीवघेणी अवस्था येते आणि तेव्हा शरीराचे तापमान ९५ अंशांच्याही खाली जाऊ शकते.

पण थंडी सोसवत नाही म्हणजे अंगाचे तापमान उतरले, असे नव्हे. शरीर आतले तापमान जिवापाड राखते. उष्णता कमी तयार होऊ लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात-पाय गार पडतात, पण आतला आकडा फारसा हलत नाही. म्हणूनच थायरॉइड बेताचा मंदावलेल्या अनेकांचे तापमान अगदी सर्वसाधारण असते, आणि पूर्ण निरोगी माणसाचे सकाळचे तापमान ९७.४ भरू शकते.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकी डॉक्टर ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ मध्ये ती मांडली. त्या काळाचा विचार केला तर कल्पना मुळीच खुळी नव्हती. तेव्हा थायरॉइड तपासण्यासाठी रुग्णाला उपाशीपोटी निश्चल झोपवून यंत्रातून श्वास घ्यायला लावत आणि तो किती प्राणवायू वापरतो हे मोजत. रुग्ण जरा घाबरला की निकाल चुकायचा. त्यापेक्षा घरी, झोपेतून उठल्याबरोबर घेतलेले तापमान बरे, असा बार्न्स यांचा युक्तिवाद होता.

पुढे रक्तातील संप्रेरके थेट मोजता येऊ लागली आणि थर्मामीटरची गरज उरली नाही. बार्न्स यांचे गाजलेले पुस्तक मात्र १९७६ मध्ये आले, आणि थकव्यापासून हृदयविकारापर्यंत बऱ्याच दुखण्यांचे मूळ न सापडलेल्या थायरॉइडमध्ये आहे, असा समज त्याने पसरवला. त्यानंतर डेनिस विल्सन या डॉक्टरांनी स्वतःच्या नावाचा ‘टेम्परेचर सिंड्रोम’ मांडला : रक्तचाचण्या ठीक, पण तापमान ९८.६ पेक्षा कमी. उपाय टी-३च्या गोळ्या. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने या आजाराला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. गरज नसताना टी-३ घेतल्यास छाती धडधडते, हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. उतारवयात तर ही जोखीम आणखी वाढते.

निदान ९८.६ हा आकडा तरी पक्का आहे?

तोही नाही. जर्मनीतील लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस, म्हणजेच ९८.६ फॅरनहाइट ही सरासरी सांगितली. अमेरिकेत १९९२ मध्ये १४८ निरोगी व्यक्तींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी ९८.२ आली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ती ९७.९च्या आसपास असल्याचे दाखवले. बार्न्स यांची ९७.८ची रेषा आणि आजची सरासरी यांत जेमतेम ०.१ अंशाचे अंतर उरते. त्यात काखेतले तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी भरते. म्हणजे धडधाकट लोकांतलेही कितीतरी जण या चाचणीत ‘नापास’ होणार.

शिवाय एकाच माणसाचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असते. फरक जवळपास एक अंशाचा. स्त्रियांमध्ये बीजमोचनानंतर ते अर्धा ते एक अंश चढते आणि पाळीपर्यंत चढलेलेच राहते. एसीत झोपणे, अपुरी झोप, वाढते वय, काखेत नीट न दाबलेला थर्मामीटर, हे सगळे त्या आकड्यात मिसळते. अशा आलेखाची रेषा वर-खाली झाली नाही तरच नवल.

ॲड्रिनल ग्रंथी खरेच ‘थकतात’?

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. ताणतणावामुळे त्या हळूहळू दमतात, ही ‘ॲड्रिनल फटिग’ कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. यावर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची कथा तर याहून वाईट. अमेरिकेत बाजारातील अशी १२ उत्पादने तपासली असता सगळ्यांत टी-३ सापडले, काहींत स्टेरॉइड संप्रेरकेही. ही माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

ॲड्रिनल निकामी होण्याचा खरा आजार मात्र आहे. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. वजन घटते, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मीठ खावेसे वाटते, हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडतात. भारतात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्याहून जास्त आढळणारा प्रकार स्टेरॉइडमुळे होतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेतले, किंवा कुणाकडून आणलेल्या दुखण्याच्या पुड्यांत ते न सांगता मिसळलेले असले, तर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे थांबवते. अशा माणसाने औषध एकदम बंद केले की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. घरचा आलेख यातले काहीच सांगत नाही. त्यासाठी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल आणि गरज पडल्यास एसीटीएच इंजेक्शन देऊन केलेली चाचणी लागते.

मग थायरॉइडसाठी काय तपासावे?

टीएसएच. थायरॉइड कमी पडू लागला की मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी त्याला जागे करण्यासाठी टीएसएच वाढवते. टी-४ अजून ठीक दिसत असतानाच हा आकडा चढू लागतो. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइड मंद आढळला होता. त्यामुळे शंका असेल तर चाचणी जरूर करावी. बिघाड पिच्युटरीतच असेल तर टीएसएच फसवू शकते, म्हणून डॉक्टर सोबत ‘फ्री टी-४’ही सांगतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या निदान दोन दिवस आधी थांबवाव्या लागतात. बायोटिनमुळे काही यंत्रांवर निकाल चुकीचा येतो.

अहवाल ठीक आहे आणि थकवा, थंडी जात नाही, तेव्हा हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, झोपेतील घोरणे आणि नैराश्य यांकडे पाहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले तरी हात-पाय गारच पडतात.

थर्मामीटर ठेवून द्यायचा का?

नाही. या रुग्णांना तो लागतोच, पण उतरलेल्या नव्हे तर चढलेल्या आकड्यासाठी. थायरॉइड जास्त काम करत असल्याने कार्बिमॅझोल घेणाऱ्याला ताप आणि घशात दुखणे एकत्र सुरू झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. हे औषध क्वचित त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवते. ॲड्रिनल निकामी असलेल्या रुग्णाला ताप आला की स्टेरॉइडची मात्रा सहसा दुप्पट करावी लागते. ती कधी आणि किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन तो कागद घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवायचा असतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर रुग्णालयात जाऊन इंजेक्शन घ्यावे लागते.