पैसे घ्यायला पिन लागत नाही

आज मुलांच्या पैशांच्या व्यवहाराबद्दल बोलू या.

माझ्या मुलाने पंधराव्या वर्षी जुनी सायकल ऑनलाइन विकायला काढली. घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाक, पैसे जमा होतील," म्हणाला. मुलाने माझ्या फोनवरून पिन टाकला आणि दोन हजार रुपये गेले. मला कळलं चार दिवसांनी, बँकेचे मेसेज पाहताना.

"अरे, सांगितलं का नाहीस?"

"आई, तू ओरडशील म्हणून."

दोन हजारांपेक्षा हे उत्तर मला जास्त लागलं. पिनचा आकडा मी त्याला दिला होता, तो कधी टाकायचा हे मात्र कधीच समजावलं नव्हतं.

मग आम्ही दोघं बसलो. पहिला नियम: यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. दुसरा: फसलो तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत राहतो. तक्रार लवकर गेली तर ते वाटेत रोखता येण्याची शक्यता असते. आमचे चार दिवस गेले होते. पैसे परत मिळाले नाहीत. तिसरा नियम माझ्यासाठी: तो खरं सांगायला आला, तर आधी ऐकायचं, मग बोलायचं.

नुसतं सांगून सवय लागत नाही, सराव हवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं. किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. आम्ही त्याचं खातं उघडलं. बसभाडं, वह्या, रिचार्ज यांचे पैसे एक तारखेला त्यात जमा होतात. पहिल्या महिन्यात बावीस तारखेलाच खातं रिकामं झालं. मी भर घातली नाही. आठ दिवस तो शाळेत सायकलने नाही, कारण ती विकायची होती ना, चालत गेला! पुढच्या महिन्यात त्याने स्वतःहून हिशेब लिहिला.

परवा त्याला पुन्हा एक संशयास्पद लिंक आली. तो फोन घेऊन थेट स्वयंपाकघरात आला: "आई, हे बघ गं."

मुलगा न घाबरता आपल्याकडे आला, की निम्मं शिकवून झालं समजा. या रविवारी मुलांना एवढंच विचारा: "पिन कधी टाकायचा, सांग बरं?"