धावणाऱ्याची तालीम



व्यायामाचे दोन पंथ आपल्याकडे फार दिवसांपासून मानले गेले आहेत. एक पहिलवानाचा, दुसरा धावणाऱ्याचा. पहिलवानाने जोर-बैठका काढाव्यात आणि धावणाऱ्याने केवळ धावावे; त्याने वजन उचलले की अंग जड होते व वेग जातो, असा समज आहे. हा समज तपासून पाहणे म्हणजे केवळ क्रीडाशास्त्राचा खल नव्हे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक घरांच्या भाकरीचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

पोलीस शिपायाच्या भरतीचेच उदाहरण घ्या. मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. स्त्रियांना १६०० मीटरऐवजी ८०० मीटर. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ वर्षांची, मागास प्रवर्गांची ३३ वर्षांची. आणि भरती दरवर्षी निघतेच असे नाही. म्हणून जाहिरातीची कुणकुण लागताच मुले-मुली पहाटे डांबरी सडकेवर धावू लागतात. महिना-दीड महिन्यात कोणाची नडगी ठणकू लागते, कोणाचा गुडघा जिना उतरताना कळ देतो, कोणाची टाच सकाळी जमिनीला टेकवत नाही. चाचणीच्या दिवशी असा उमेदवार लंगडत उभा राहतो. त्याचे केवळ गुण जात नाहीत. एखादे वेळी वयही निघून जाते.

असे का व्हावे? धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दाब पायावर येतो. ५५ किलो वजनाच्या मुलाच्या एका पायावर हा भार सव्वाशे-दीडशे किलोंच्या घरात जातो, आणि १६०० मीटरमध्ये अशी पावले हजाराहून अधिक पडतात. हा भार स्नायूंनी झेलावयाचा असतो. मांडी, कुल्ला व पोटरी थकली की तो हाडांवर आणि सांध्यांवर जातो. त्यातून दम हा काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि कंडरा मात्र सावकाश घट्ट होतात. ताण पडलेल्या जागचे जुने हाड शरीर आधी काढून टाकते, मग नवे भरते. या मधल्या काळात धावणे एकदम वाढविले तर हाडाला बारीक चीर पडू शकते. छाती ‘अजून धाव’ म्हणते, नडगी ‘थांब’ म्हणते. तरुण माणूस छातीचे ऐकतो.

यावर शास्त्र काय सांगते? २०१४ साली डॅनिश संशोधकांनी निरनिराळ्या खेळांतील २५ प्रयोग व सव्वीस हजारांवर खेळाडू यांचा एकत्र हिशोब मांडला. शक्तीचा व्यायाम करणाऱ्यांत दुखापतींचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही खाली आले. नुसते अंग ताणण्याने मात्र फरक दिसला नाही. परंतु येथे उतावीळ होऊ नये. न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये प्रथमच उतरणाऱ्या सुमारे ७०० धावकांचा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या घरी, आपापल्या मनाने केलेल्या व्यायामाने तेथे दुखापती घटल्या नाहीत. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या प्रयोगात, शिक्षकाच्या देखरेखीखाली कुल्ल्याचा व कमरेचा व्यायाम करणाऱ्या नवशिक्यांना फायदा झाला. तात्पर्य, व्यायाम हवा, आणि तो शिकविणारा व चुका दाखविणाराही हवा.

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. आपली बैठक हा मांडीचा उत्तम व्यायाम होय. ती शंभरदा घाईने काढण्यापेक्षा पाठीवर वाळूची पिशवी घेऊन आठ-दहा वेळा सावकाश काढावी. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा हळूहळू खाली सोडाव्यात, म्हणजे पोटरी व टाचेमागची कंडरा बळकट होते. उताणे निजून, गुडघे मुडपून कंबर उचलावी. एका पायावर तोल सांभाळून अर्धे बसावे. गुडघा आत झुकला तर कुल्ला कच्चा आहे असे समजावे. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास एवढे पुरे. भार मात्र थोडा थोडा वाढवीत न्यावा. आठ-दहा उठाबशांच्या अशा दोन-तीन फेऱ्यांनी अंग पहिलवानासारखे फुगत नाही. आणि गोळाफेकीचे १५ गुण तर बळाशिवाय मिळतच नाहीत!

‘आमची पोरे आवणी करतात, भाताचे भारे वाहतात, त्यांना आणखी तालीम कशाला?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शेतातील कष्टाने बळ येते यात शंका नाही. पण ते हंगामी असते. आवणीत कंबर दिवसभर वाकलेली राहते, पोटरीला उडी झेलण्याची सवय लागत नाही. शिवाय कष्टाच्या दिवसानंतर विश्रांती न घेता धावले तर भारावर भार चढतो. अशा दिवशी धावणे कमी करणे यात आळस नाही, शहाणपण आहे.

एक इशारा द्यावयास हवा. हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, चालतानाही कळ येत असेल, किंवा धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली असेल, तर व्यायाम वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावे. पोटभर न जेवता धावणाऱ्याचे हाड लवकर दगा देते.

गावोगावी तालमीची परंपरा आपल्याकडे आहे. तिचा दरवाजा धावणाऱ्या मुलांना, आणि विशेषतः मुलींना, मोकळा करावा आणि जाहिरात निघण्याच्या सहा महिने आधीच करावा. घरी बसणाऱ्या उमेदवाराचे दुःख कोणत्याही यादीत छापून येत नाही; ते टाळणे मात्र गावाच्या हाती आहे.