ढेकूण फरशी बघून येत नाहीत

सोसायटीत कुणाकडे ढेकूण झाले की शेरा ठरलेला असतो: ‘किती घाण ठेवतात ही माणसं!’ आणि ज्यांच्याकडे झाले त्यांचंही ठरलेलं: ‘आमच्याकडे रोज फरशी पुसतात हो, आमच्याकडे कसे होतील?’ दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, आणि कितीही सांगा, तो काही जात नाही.

तर पुन्हा एकदा. ढेकूण खरकटं खात नाही, कचराही खात नाही. त्याचं अन्न एकच, रक्त. अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर खेपेला त्याला आधी रक्त प्यावं लागतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर तो येतो. यात फिनेलनं पुसलेल्या फरशीचा संबंध येतो कुठे? पसाऱ्यात त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढंच.

‘पण मळक्या कपड्यांवर तर येतात!’ येतात, पण मळासाठी नव्हे. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये धुतलेल्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. वापरलेल्या कपड्यांवर सुमारे दुप्पट ढेकूण जमले, ते कपड्यांत राहिलेल्या माणसाच्या वासामुळे. आणि ‘गरिबांच्याच घरी होतात’ म्हणणाऱ्यांसाठी: फ्रान्सच्या ‘आन्सेस’ या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या ११ टक्के घरांत ढेकूण झाले होते. उत्पन्नाशी त्याचा संबंध आढळला नाही.

या गैरसमजाचं खरं नुकसान म्हणजे लाज. लाजेपायी कुणी शेजाऱ्याला सांगत नाही. गादी रात्री गुपचूप जिन्याखाली जाते आणि सकाळी कुणीतरी ती उचलून घरी नेतं. दरम्यान भिंतीतल्या फटींतून, वायरिंगच्या भोकांतून ढेकूण शेजारी पोचलेले असतात.

त्यापेक्षा टॉर्च घ्या आणि गादीच्या कडेची शिलाई उलगडून बघा. पेनानं टिंबं दिल्यासारखे काळे डाग ही त्यांची विष्ठा. शेजारी टाकलेली पातळ, फिकट कात आणि पाच-सहा मिलिमीटरचा चपटा, तांबूस किडा दिसेल. मग पलंगाचे सांधे आणि स्क्रूची भोकं तपासा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

महागड्या हॉटेलात ढेकूण नसतात. ते पाहुण्यांच्या सामानातून येतात, खोलीचं भाडं विचारत नाहीत. आधी गादी बघा, तोवर बॅग पलंगावर टाकू नका. घरी परतल्यावर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

गादी उन्हात टाकली की मरतात. ते सावलीच्या बाजूला सरकतात. बाजेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतणारी आजी मात्र बरोबर होती: ५० अंशांच्या वर ढेकूणही टिकत नाही आणि अंडीही.

त्यांच्यामुळे एड्स, कावीळ होते. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था स्पष्ट सांगते की ढेकूण रोग पसरवत असल्याचं आढळलेलं नाही. खाज सुटते, काहींना ॲलर्जी होते.

अंगावर गांधी नाहीत, म्हणजे ढेकूण नाहीत. अनेकांच्या अंगावर चावल्याची खूणच उठत नाही.

ते उडत येतात. उडताही येत नाही, उडीही मारता येत नाही. चालत येतात, नाहीतर आपणच आणतो.

एकदा फवारलं की संपलं. बऱ्याच ठिकाणी ढेकूण नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना दाद देत नाहीत, आणि अंडी बहुतेक फवाऱ्यांतून वाचतात. दोनेक आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच.

मग धान्यातल्या गोळ्या ठेवू. मुळीच नको! ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणाऱ्या वायूनं घरात झोपलेली माणसं दगावली आहेत. रॉकेल शिंपडणंही आगीला आमंत्रण.

घरात ढेकूण सापडलाच तर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांना त्याच दिवशी सांगा आणि पेस्ट कंट्रोल सगळ्यांनी एकदमच करून घ्या. गादी टाकायचीच असेल तर फाडून टाका, म्हणजे ती कुणी उचलणार नाही.