कौल : उत्तर की अभय?

महाड-पोलादपूरकडच्या गावांत देवाला काही विचारायचे असले, की ‘कौल लावतात’. निवडणुकीचा निकाल लागला, की वर्तमानपत्रे ‘जनतेचा कौल’ असा मथळा देतात. मराठेशाहीच्या कागदपत्रांत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार ‘कौल’ देते. तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. मूळ अरबी ‘क़ौल’, म्हणजे बोल, दिलेला शब्द. ओस पडलेल्या गावात रयतेने परत यावे म्हणून जो कौलनामा लिहून दिला जाई, त्याचा मथितार्थ एवढाच असे : अमुक वर्षे सारा हलका राहील, कोणी उपद्रव देणार नाही, निर्धास्त येऊन वसावे. कौल म्हणजे अभय. ‘निकाल’ हा त्याचा अर्थ आज आपल्या कानांना अधिक सवयीचा आहे. देवाच्या कौलातही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि आपण बहुधा त्यातला एकच पाहतो, असे मला वाटते. या लेखात मला दुसऱ्या अर्थाचा माग काढायचा आहे, आणि त्यासाठी सावित्रीच्या खोऱ्यातून थेट चीनपर्यंत जाऊन यायचे आहे.

पाकळी कुठे पडते

आधी आपल्याकडची रीत. काळकाई, झोलाई, सोमजाई, केदारनाथ अशा ग्रामदैवतांच्या देवळांत कौल लावण्याचा मान बहुधा गुरवाकडे असतो. तो देवाला स्नान घालतो आणि मूर्तीच्या ठरलेल्या जागांवर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो. किती पाकळ्या आणि कोणत्या जागा, हे गावागणिक बदलते. काही ठिकाणी फुलाऐवजी तांदळाचे दाणे वापरतात. मग गाऱ्हाणे घातले जाते. त्यात विचारणाऱ्याचे नाव येते, घर येते, अडचण येते आणि शेवटी सवाल येतो. काम होणार असेल तर उजवी दे, होणार नसेल तर डावी दे. त्यानंतर सारे गप्प बसतात. कधी पाकळी लगेच सुटते, कधी अर्धा तास हलत नाही. उजवीकडची पडली तर कौल झाला. डावीकडची पडली तर नकार. काहीच पडले नाही, तर सवालच नीट मांडलेला नाही असे समजून तो पुन्हा घडवतात.

हा शेवटचा भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. देव ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलतो, म्हणून सारे कसब सवाल घडवण्यात असते. “माझ्या मुलाचे कसे होईल?” याला पाकळी उत्तर देऊ शकत नाही. “या वर्षी त्याला मुंबईला पाठवू का?” याला देऊ शकते. घरात महिनोन्महिने घुसमटलेली चिंता चारचौघांसमोर एका वाक्यात आणावी लागते, आणि ते वाक्य घडवायला गुरव मदत करतो. पाकळी पडण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असते.

वेळूच्या नळीतली काडी

आता दुसरी रीत पाहू. चीन, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांमध्ये ग्वानयिन या करुणेच्या देवीपुढे भक्त गुडघे टेकून बसतो. हातात वेळूची नळी असते, तिच्यात क्रमांक घातलेल्या काड्या. ग्वानयिनच्या बहुतेक संचांत शंभर काड्या असतात. मनात सवाल धरून नळी तिरपी हलवत राहायचे. हळूहळू एक काडी इतरांच्या वर सरकते आणि खाली पडते. पण तेवढ्याने भागत नाही. हीच काडी देवीने दिली का, हे विचारावे लागते. त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात. त्यांची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. एक सपाट व एक फुगीर बाजू वर आली, तर देवीचा होकार. दोन्ही सपाट वर आल्या, तर देवी हसली, म्हणजे सवाल पुन्हा विचारा. दोन्ही फुगीर वर आल्या, तर नकार. आपल्याकडची उजवी, डावी आणि न पडलेली पाकळी येथे जवळजवळ जशीच्या तशी भेटते.

काडीच्या क्रमांकाची चिठ्ठी मिळते. तिच्यावर चार ओळींची कविता असते, ‘उत्तम’, ‘मध्यम’ किंवा ‘कनिष्ठ’ असा शेरा असतो, आणि बहुधा एखाद्या जुन्या कथेचा उल्लेख असतो. आपला कौल एका अक्षराचा, त्यांचा चार ओळींचा. म्हणून आपल्याकडे सवाल घडवणारा लागतो, तर त्यांच्याकडे उत्तराचा अर्थ लावणारा लागतो. जपानमध्ये हीच देवता कान्नोन या नावाने पुजली जाते. तोक्योतील आसाकुसाच्या तिच्या प्रसिद्ध देवळात वाईट चिठ्ठी निघाली, तर ती तिथेच दोरीला बांधून घरी जायचे असते. डावा कौल घरी नेऊ नये, ही समजूत तिथेही आहे.

हे पाहायला फार लांब जायची गरज नाही. मुंबईत माझगावला सी यिप कून नावाचे छोटे चिनी देऊळ आहे. कँटन भागातून आलेल्या खलाशांनी ते १९१९ साली उभारले. तिथे युद्धवीर ग्वान गोंगबरोबर ग्वानयिनही आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले आणि मुंबईतली त्यांची वस्ती विरळ झाली. देऊळ मात्र टिकले. गोदीच्या याच परिसरात आपल्या मुलखातल्या चाकरमान्यांच्या पिढ्या राबल्या. गावी कौल लावून मुंबईला आलेला माणूस आणि काडी काढून जहाजावर चढलेला खलाशी एकाच रस्त्याने ये-जा करत होते.

ती मूळची कुठली?

ग्वानयिन ही मूळची आपल्याकडचीच. अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे हे चिनी रूप. ‘ग्वान-शि-यिन’ म्हणजे जगाचा टाहो ध्यानी घेणारा. चीनमध्ये त्याची मूर्ती आरंभी पुरुषरूपात होती. दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान ती स्त्रीरूपात स्थिरावली. सद्धर्मपुंडरीक सूत्रातील एक प्रकरण या बोधिसत्त्वाचे आहे, आणि कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या चिनी भाषांतरामुळे ते घरोघरी पोचले. आग, पूर, वादळ, चोर, बेड्या अशा संकटांत त्याचे नाव घ्यावे, असे ते सांगते. तिथे त्याला दिलेले एक विशेषण आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहे : अभयंदद, अभय देणारा.

महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळच्या या डोंगरात सुमारे तीस लेणी खोदलेली आहेत, आणि तेथील एका लेखात विष्णुपालित या राजपुत्राचे नाव येते. महाड तेव्हा खाडीवाटे समुद्राशी जोडलेले व्यापारी ठिकाण होते. संकटातून सोडवणारा अवलोकितेश्वर मात्र येथे नाही. तो पाहायला कान्हेरीला किंवा औरंगाबादच्या लेण्यांकडे जावे लागते. तिथे मध्ये बोधिसत्त्व उभा आहे आणि दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे आहेत. त्यांत बुडणाऱ्या नावेतले प्रवासीही आहेत. व्यापाऱ्यांच्या मुलखात ही चौकट कोणाच्या मनाला भिडली असेल, हे सांगायला नको. चिनी प्रवासी फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी समुद्रमार्गे मायदेशी परतताना वादळात सापडला, तेव्हा त्याने याच बोधिसत्त्वाचा धावा केला होता.

पण या बोधिसत्त्वाला भारतात कोणी सवाल विचारले का? विचारले, आणि तेही फुलांनी. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगचे चरित्र त्याचा शिष्य ह्वेइली याने लिहिले. त्यात आजच्या बिहारातील एका डोंगरावरच्या चंदनी अवलोकितेश्वराची हकीकत आहे. लोक कठड्याबाहेरून मूर्तीवर फुले टाकत, आणि ती मूर्तीवर जिथे अडकत त्यावरून इच्छा पुरी होणार की नाही ते ओळखत. ह्युएन त्संगने तीन हार टाकले आणि तीन सवाल विचारले. मी सुखरूप मायदेशी पोचेन का? मला तुषित स्वर्गात जन्म मिळेल का? माझ्यात बुद्धत्वाचे बीज आहे का? पहिला हार हातांवर, दुसरा बाहूंवर, तिसरा गळ्यात अडकावा, अशी त्याची मागणी होती. चरित्र म्हणते, तिन्ही तसेच अडकले. आपल्या ग्रामदेवीच्या अंगावरून सुटणारी पाकळी आणि त्या चंदनी मूर्तीवर अडकणारा हार यांच्यात थेट नाते जोडण्याचा मोह मी आवरतो. पण सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एक चिनी भिक्खू भारतात येऊन करुणेच्या देवतेपुढे जे करत होता, ते पोलादपूरच्या कोणत्याही आजीला समजावून सांगावे लागले नसते.

बुद्धाने काय म्हटले होते

येथे एक अडचण उभी राहते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भिक्खूंनी वर्ज्य करावयाच्या हीन विद्यांची लांबलचक यादी आहे. तिच्यात आरशाला सवाल करणे, कुमारिकेला सवाल करणे आणि देवाला सवाल करणे ही तिन्ही आहेत. म्हणजे कौल बुद्धाने नाकारलेला आहे. तरी पाचव्या शतकात चीनमध्ये रचलेल्या एका ग्रंथात ब्रह्मदेव स्वतः बुद्धाकडे येतो आणि शंभर शकुनकवने प्रसिद्ध करण्याची परवानगी मागतो. ज्याला मूळ शिकवणीत जागा नव्हती, त्याला भारतीय देवाच्या तोंडून बुद्धाची संमती मिळवून देण्यात आली. लोकांची गरज इतकी मोठी होती.

महाडच्या बौद्ध वस्त्यांना ही अडचण नेमकी कळते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रही वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आंबेडकरांनी निर्णय मागितला तो न्यायालयाकडे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तळे सर्वांसाठी खुले असल्याचा निकाल दिला. गावदेवाचा कौल मानकऱ्यांच्या उतरंडीतून मिळतो. तिथे कोणी कुठे उभे राहायचे, हे आधीच ठरलेले असते. ग्वानयिनची नळी कोणालाही हातात घेता येते. कौलाबद्दल गोडवा बाळगणाऱ्याने हा फरक विसरता कामा नये. पुढे १९५६ मध्ये बुद्धाकडे गेलेल्या लोकांनी कौलही मागे सोडला, त्याला हेही कारण आहे.

कौलाची दुसरी काळी बाजू म्हणजे ‘हे कोणी केले?’ हा सवाल. आजारी गुराचे किंवा मुलाचे खापर अशा कौलावर एखाद्या शेजारणीच्या माथी फुटते. अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

डोंगर आणि देवी

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी पडल्या. त्यानंतरच्या एका पावसाळ्याआधी, डोंगरउतारावरच्या एका वाडीतल्या देवळात मी बसलो होतो. एक वयस्क बाई आल्या. त्यांचा सवाल होता, आमच्यावर डोंगर पडेल का? गुरवाने हातातली फुले खाली ठेवली.

“आते, असं नको विचारू,” तो म्हणाला. “डोंगर पडेल का ते भूगर्भवाले सांगतील, त्यांनी सांगितलंय पण. आपण खाली राहायला गेलो तर आई आपल्या संगती येईल का, ते विचार.”

तसा सवाल घातला गेला. पाकळी उजवी पडली. बाईंनी डोळे पुसले आणि सुनेला भांडी बांधायला सांगण्यासाठी त्या निघून गेल्या.

त्या गुरवाने जी रेघ ओढली, ती पंडितांनाही सहजी ओढता आलेली नाही. काय घडणार हे पाकळीला कळत नाही, काडीलाही नाही. त्यासाठी मोजणारी, तपासणारी माणसे हवीत, आणि त्यांचे ऐकायला हवे. पण जे करणे भाग आहे ते करताना पाय उचलत नाहीत, तेव्हा माणसाला शब्द लागतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर, तुळस, उंबरा सोडताना देवी मागे राहणार नाही, हे कोणीतरी सांगावे लागते. ओसाड गावात परतणाऱ्या रयतेला सरकारचा कागद जे सांगत होता, वादळातल्या फाहियानला जे हवे होते, नळी हलवणाऱ्या खलाशाने जे मागितले, ते हेच होते. कौल या शब्दात ते पूर्वीपासून आहे. आपण मात्र त्याच्याकडून भविष्य मागत राहतो आणि मग एकतर फसतो, नाहीतर हसतो. त्याच्याकडे अभय मागितले, तर तो अजूनही देऊ शकतो.