जाताना उशीर, येताना लवकर

कुंभारीहून सोलापूर म्हणजे पश्चिमेची वाट. आषाढात आईने वळलेल्या विड्या घेऊन वडील सायकलने कारखान्याकडे निघत, तेव्हा वारा समोरून अडवी. माल वेळेत पोचला नाही तर तो दिवस हुके. येताना मात्र तोच वारा पाठीशी असे.

परवा आईने विचारले, "तुझा पोरगा अमेरिकेला जाताना सोळा तास लागतात, येताना चौदा-पंधरा. असं का रे? पृथ्वी फिरते म्हणून?"

मंडळी, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. कुंभारीची जमीन पृथ्वीबरोबर तासाला सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. मग विमानाने वर नुसते थांबावे, पश्चिमेकडचे देश आपोआप खाली येतील! तसे असते तर अमेरिकेला जाणेच लवकर झाले असते. पण हवाही जमिनीबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेतच असते.

खरा फरक वारा करतो. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग सर्वांत जास्त. तिथली तापलेली हवा उंचावरून उत्तरेकडे सरकते, तेव्हा तो जादा वेग सोबत आणते आणि पूर्वेकडे वळते. त्यातून दहा-बारा किलोमीटर उंचीवर वेगवान झोत तयार होतात. हिवाळ्यात त्यांचा वेग तासाला २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

साधा हिशेब करा. अंतर ४,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, वारा १००. वाऱ्याविरुद्ध ५ तास, वाऱ्याबरोबर ४, एकूण ९. वारा नसता तर जाऊन-येऊन ८ तास ५३ मिनिटे. जाताना गमावलेले येताना पुरते भरून निघत नाही. म्हणून वाऱ्याचा अंदाज घेऊनच मार्ग आणि इंधन ठरवतात.

गंमत अशी, की पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा झोत उलटा, म्हणजे पूर्वेकडून वाहतो. हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. वडील खाली पश्चिमेच्या वाऱ्याशी झुंजत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर फार उंच वारा सोलापूरच्याच दिशेने चालला होता!

आईला एवढेच सांगितले, "वेळापत्रकात वारा आधीच धरलेला असतो. दोन तास जास्त लागले म्हणून घोर लावून घेऊ नकोस."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)